कारवीचा वास आणि सांजेची गोळी

कुरवंड्याच्या वर, नागफणीच्या कड्याकडं जाताना एक काळा कातळ लागतो. वाडीतले लोक त्याला रेंजचा कातळ म्हणतात. खाली वाडीत कुणाचाही फोन लागत नाही आणि या कातळावर मात्र सगळ्यांचा लागतो. त्यामुळं दिवस कलला की कुणी लेकीशी बोलायला, कुणी ठेकेदाराला शिव्या द्यायला, तर कुणी नुसतंच बोटानं फोनचा पडदा सरकवत बसायला इथं येतं. या मंडळींत एक बाई जरा मागं, जांभळीखाली बसलेली दिसेल. तिच्या कमरेला दोर असतो आणि दोराचं दुसरं टोक जांभळीला. शेजारी तिची लहान पोर, तिच्याही कमरेला बारका दोर. नव्यानं पाहणाऱ्या पर्यटकाला वाटतं, काय ही माणसं, बाईला बांधून घालतात! एकानं तर तसा फोटो काढून चार ठिकाणी टाकला म्हणे. त्याला कुणी सांगावं की तो दोर बांधणारा नवरा, करण, शनिवार-रविवारी तुमच्यासारख्यांनाच तशाच दोरानं कड्यावरून खाली सोडतो, आणि बायकोला बांधताना गाठ दोनदा ओढून बघतो.

त्या बाईचं नाव रंजना. तिचं माहेर दोन डोंगर पलीकडं, असल्याच एका वाडीत. आई कस्तुराबाई ती लहान असतानाच कावीळ होऊन गेली. घरात आईचा एकही फोटो नाही. रंजनाकडं आईची म्हणून एकच आठवण होती. सात वर्षांनी एकदा फुलणारी कारवी त्या साली फुलली होती आणि सगळा डोंगर निळा-जांभळा झाला होता. आई कोयत्यानं वाट करत पुढं, रंजना मागं. कारवी तिच्या डोक्यापेक्षा उंच. अंगाला, केसांना तो चिकट, मधासारखा, उन्हात तापलेला वास. आईची पाठ दिसत होती आणि मान वळवून आई काहीतरी म्हणाली होती. काय म्हणाली, ते मात्र डोक्याला कितीही ताण दिला तरी रंजनाला आठवत नव्हतं.

लग्न होऊन ती कुरवंड्याच्या वाडीत आली, तिला लेक झाली, माधवी, घरातली माधू, आणि एका दुपारी तांदूळ निवडता निवडता तिला तो वास आला. कारवी फुलायचं ते सालही नव्हतं आणि दिवसही नव्हते. आधी पोटातून काहीतरी वर चढत आल्यासारखं झालं. मग समोरचं सूप, चूल, उंबऱ्यावरचं ऊन, हे सगळं पूर्वी कधीतरी अगदी अस्संच होऊन गेलंय असं वाटायला लागलं. ऊन दुधासारखं दाट झालं. आणि मागून आवाज आला, "रंजे, माझ्या मागं…"

तिनं वळून बघायला मान फिरवली. त्यापुढचं तिला काही ठाऊक नाही. भानावर आली तेव्हा तिच्या कपाळाला ओलं कुंकू होतं आणि सासू, धोंडाबाई, तिच्या पायांवर डोकं ठेवून होती.

धोंडाबाईला नावं ठेवायचं कारण नाही. बाई उभ्या उभ्या थिजते, डोळे कुठंतरी लांब लागतात, हात पदराचं टोक चिवडत राहतात, ओठ पुटपुटतात. या प्रकाराला वाडीत पिढ्यान्‌पिढ्या एकच नाव आहे. जाखमातेचं वारं. ज्याच्या अंगात ते येतं त्याला देवीचं झाड म्हणायचं, आणि झाडाला मान द्यायचा. शेजारच्या गेणूआबांनी पुढच्याच खेपेला विचारून घेतलं, माझी शेळी कुठं गेली. रंजना म्हणे "वर" असं काहीतरी पुटपुटली, आणि शेळी वरच्या पठारावर सापडली. आता कुरवंड्यात शेळी हरवली तर ती एक तर वर जाणार नाही तर खाली, तिसरी जागाच नाही. पण एवढा हिशेब करायला गेणूआबांना कुठली सवड? त्यांनी नारळ वाढवला. दर मंगळवारी-शुक्रवारी दारात माणसं बसायला लागली. ज्या सासूनं लग्नानंतर दोन वर्षं सुनेला पाण्याच्या हंड्याखालून बाहेर येऊ दिलं नव्हतं, ती आता आयता चहा आणून द्यायची.

रंजनाला ना मानाचं काही वाटे, ना चहाचं. ती फक्त त्या वासाची वाट बघायची. तो आला की आई येणार, हाक मारणार. वाक्य काही पुरं व्हायचं नाही. दर वेळी त्याच शब्दापाशी आवाज बुडायचा. तरी तिला वाटे, एक दिवस पुरं होईल. लहानपणी मेलेल्या आईनं पुन्हा हाक मारावी, यापेक्षा मोठं सुख तिला माहीत नव्हतं.

आणि मग टाक्यावरचा तो दिवस आला. कड्याच्या अंगाला खडकात खोदलेलं जुनं टाकं आहे, पावसाळा सरला की तिथलंच पाणी आणतात. माधू नुकती दुडुदुडू चालायला लागली होती. रंजनानं तिचं बोट धरलं होतं. वास आला, ऊन दाट झालं, आई बोलली. भान आलं तेव्हा हातात बोट नव्हतं. माधू टाक्याच्या ओल्या काठावर उभी राहून पाण्यातल्या स्वतःच्या तोंडाला हात हलवत होती.

रंजनानं तिला ओढून उराशी धरलं आणि तिथंच बसून राहिली. घरी कुणालाच काही बोलली नाही. त्या दिवसापासून वास आला की आनंदाबरोबरच तिचा हात माधूला चाचपायला लागला. आई हवी होती. पण आई आली की लेकीचं बोट सुटत होतं.

असं वर्ष गेलं. करणच्या फोनवर लोक कड्यावरून उतरतानाचे व्हिडिओ असायचे, ते बघता बघता एकदा कातळावर बसलेल्या रंजनाच्या बोटाखाली भलताच व्हिडिओ आला. पुण्यातल्या उज्ज्वला नावाच्या शाळेतल्या बाई, साधी साडी, मागं फळा, आणि शांतपणे सांगत होत्या: "मला आधी एक वास यायचा. जळक्या साखरेचा. मग वाटायचं, हे सगळं पूर्वी घडून गेलंय. मग माझी काही मिनिटं हरवायची. मला वाटायचं, मी वेडी होणार. ती फीट होती. फीट म्हणजे दर वेळी खाली पडून हातपाय झाडणं नव्हे."

रंजनाला वाटलं, या बाईला आपलं गुपित कुणी सांगितलं? तिनं तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावला. सातवीपर्यंत शिकलेली होती, एकेक अक्षर शोधत खाली लिहिलं, "मला पण येतो. कारवीचा." आणि लगेच फोन पदरात लपवला, जसं काही कुणी बघतच होतं.

दुसऱ्या सांजेला उत्तर आलेलं होतं. त्यातून बोलणं वाढलं आणि उज्ज्वलाबाईंनी तिला आपल्या व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात घेतलं. गटाचं नाव 'अपस्मार स्नेहमंडळ'. ते कुणाच्याच जिभेवर बसेना, म्हणून शिरगावच्या कोंडाजींनी त्याचं बारसं केलं, 'घेतली मंडळ'. कारण गटात एक रीत होती. दिवेलागणीला गोळी घेतली की प्रत्येकानं आपल्या आवाजात एवढंच सांगायचं: घेतली.

त्या आवाजांचं रंजनाला वेड लागलं. धुक्यात कातळ तरंगायला लागला की ती फोन कानाला लावायची आणि एकेक जण धुक्यातून यायचा. कुणाच्या मागं कुकरची शिट्टी, कुणाच्या मागं बस, कुणाच्या मागं समुद्र. कोंडाजी साईबाबांच्या देवळाबाहेर हारफुलं विकायचे, त्यांच्या "घेतली"मागं आरतीची घंटा असायची. यातल्या एकाचंही तोंड तिनं पाहिलं नव्हतं, तरी आवाज उशिरा आला की जीव खालीवर व्हायचा. मध्येच कुणी वैद्यबुवा गटात शिरला आणि मुळी उगाळून प्या, गोळ्या फेकून द्या म्हणायला लागला; उज्ज्वलाबाईंनी त्याला असा काही बाहेर काढला की बोलायची सोय नाही. औषध कुठलं, किती, हे गटात कुणी कुणाला सांगायचं नाही, ते डॉक्टरच सांगतील, हा त्यांचा दंडक. रंजनाला त्या एवढंच म्हणाल्या, "डॉक्टरांसमोर बसल्यावर ते येणार नाही. घरात येईल तेव्हा मिस्टरांना व्हिडिओ काढायला सांगा. तुम्ही काय सांगता त्यापेक्षा तो जास्त सांगेल."

करण तयार झाला, कारण रंजनानं त्याला टाक्यावरची गोष्ट अखेर सांगितली. तो बराच वेळ हातातला दोर गुंडाळत बसला होता.

मंगळवारी माणसं बसली असताना रंजना थिजली आणि करणनं फोन वर केला. धोंडाबाई उसळली. "आरं, देवीचा फोटू काढतूस व्हय? डोळं फुटत्याल." तिनं फोनवर पदर टाकला, त्यामुळं त्या व्हिडिओत आधी नुसता लाल पदरच दिसतो. करणनं पदर बाजूला केला आणि फोन धरून राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं तो आईच्या पुढ्यात लावला. "बघ आये. एकदा बघच." धोंडाबाई बघायला लागली. एवढ्या दिवसांत तिनं सुनेचं ते तोंड पाहिलेलंच नव्हतं. वारं आलं की ती कायम पायांवर डोकं ठेवून असायची. आता दिसलं, ते देवीचं तेज नव्हतं. जत्रेत आईचा हात सुटलेल्या पोरीचं असतं तसं ते तोंड होतं.

"लय घाबरल्यावानी दिसती रं पोर," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "जावा. दाखवून या."

पुण्यातल्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तो व्हिडिओ नीट बघितला, रंजनाला वासाबद्दल विचारलं, डोक्याला तारा लावून तपासणी केली. म्हणाल्या, "मेंदूच्या एका कोपऱ्यात मध्येच वीज चमकते, एवढंच आहे. गोळीनं बरंचसं थांबेल. रोज, न चुकता घ्यायची." बाहेर आल्यावर करणचे खांदे मोकळे झालेले दिसत होते. रंजनाचे नव्हते. आईचा आवाज म्हणजे वीज, हे तिला कळलं होतं. पण वीज थांबली की आई थांबणार, हेही कळलं होतं.

घरी आल्यावर धोंडाबाईनं गोळ्यांचं पाकीट हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि सरळ देव्हाऱ्यात ठेवलं. देवीशी भांडण तर करायचं नाही आणि सुनेलाही जपायचं, यावर तिनं आपला मार्ग काढला होता. "देवीचं वार मंगळवार आन शुक्रवार. त्या वारी वारं येतं, तर गोळी बी त्याच वारी. बाकीच्या दिशी इनाकारन कशाला?" करण तेव्हा कड्यावर गिऱ्हाइकं सोडत होता. मंगळवारी-शुक्रवारी दिवा लावून झाला की सासू सुनेच्या तळहातावर प्रसाद ठेवावा तशी गोळी ठेवायची. रंजना ती घ्यायची आणि कातळावर जाऊन सांगायची, घेतली.

एका रविवारी तिला पुन्हा वास आला. आई आली, तेवढंच बोलली, गेली. चुलीवरचं दूध उतू जाऊन माधूच्या पावलावर सांडलं. फार भाजलं नव्हतं, तरी पोर रडून रडून झोपली.

त्यानंतरच्या सांजेला कोंडाजींचा आवाज आला. नेहमीसारखी घंटा मागं, पण बोलणं लांब. "रंजनाताई, एक इचारू का? रागावू नगा. मी म्हातारा मानूस, मला आवाज मोजायची खोड हाय. तुमचं 'घेतली' मंगळवारी येतं आन शुकिरवारी येतं. बाकीच्या दिशी तितं रेंज नसती का?"

महिन्यातून एकदा भेटणाऱ्या डॉक्टरीणबाईंना हे कळायची सोय नव्हती. शेजारी झोपणाऱ्या नवऱ्यालाही कळलं नव्हतं. शिरगावात हार ओवणाऱ्या माणसाला मात्र ऐकू आलं होतं. रंजनाला रडू कोसळलं. तिनं बटण दाबून धरलं, गटात नव्हे, फक्त त्यांच्यासाठी, आणि जे करणलाही सांगितलं नव्हतं ते सांगून टाकलं.

"कोंडाजीभाऊ, आत्याबाईंना न्हाई कळत, पर मला वाचता येतं. रोज घ्यायची, ठावं हुतं मला. मीच गप ऱ्हायले. बाकीच्या वारी आई येईल म्हनून. तिचं बोलनं एकदा पुरं ऐकायचं हुतं. आन काल पोर भाजली."

उत्तर आलं तेव्हा मागं घंटा नव्हती, कोंडाजी देवळापासून लांब गेले असावेत.

"ताई, मला माझा बाप हाक मारायचा. चुन्याचा वास यायचा आदी, ओल्या चुन्याचा. बाप गवंडी हुता. 'कोंड्या, धर' म्हनायचा. काय धर, ते कदीच न्हाई कळलं. गोळी सुरू केली आन बाप गेला. दुसऱ्यांदा मेला असं वाटलं मला, खोटं कशाला बोलू. लय रडलो. पर ताई, माझा ल्योक मला हाक मारायचा तवा मी निम्म्याला नसायचो. आता त्याची हाक पुरी ऐकू येती." मग थोडं थांबून, "सासूबाईंस्नी माझा निरोप ऐकवा. त्यांस्नी म्हनावं, देवापुढं दिवा रोज लावता का मंगळवार-शुकिरवारच लावता?"

रंजनानं तो आवाज खाली नेऊन धोंडाबाईला ऐकवला. धोंडाबाईनं पहिल्यांदा नाक मुरडलं, हा कोण परका माणूस मला दिव्याचं शिकवणार. मग दिवा लावला, वातीकडं बघत राहिली, आणि सोमवार असूनही पाकिटातली गोळी काढून सुनेपुढं केली. त्या सांजेपासून एकही दिवस चुकला नाही. आपण सोसायचं आणि सुनेलाही सोसायला लावायचं, असं आयुष्यभर केलेल्या बाईनं गोळीचा मात्र नेम केला. मंगळवारी दारात बसणारी माणसं हळूहळू कमी झाली. गेणूआबांनी शेळीच्या गळ्यात घंटा बांधली.

आणि आई येईनाशी झाली. पहिले काही महिने रंजना मुद्दाम तांदूळ निवडत बसायची, त्याच उन्हात, त्याच उंबऱ्याशी. ऊन नुसतं ऊन असायचं. करणला तिनं सगळं सांगितलं, तेव्हा त्यानं जांभळीला दोर बांधला आणि म्हणाला, "कातळावर जायाचं तर ह्यो लावून. डॉक्टरीणबाई सोड म्हनत न्हाईत तवर." कोंडाजींसारखंच तिलाही आईला दुसऱ्यांदा पोचवावं लागलं. फरक एवढाच, की या वेळी तिच्यासोबत रडायला धुक्यातले सगळे आवाज होते.

यंदा पावसाळा उतरायला लागला आणि एका सांजेला ती अशीच जांभळीखाली बसली होती. दरीतून धुकं वर येत होतं, लोणावळ्याकडची गाडी कुठंतरी खाली लांबट ओरडत होती. माधू दोराच्या टोकाशी खडे मांडत होती. रंजनानं सासूनं पदराला बांधून दिलेली गोळी घेतली, पाण्याचा घोट घेतला, फोन हातात धरला, आणि तो वास आला.

चिकट, मधासारखा, उन्हात तापलेला.

ती गारठली. डॉक्टरीणबाईंनी शिकवलं होतं तसं केलं. फोन खाली ठेवला, पाठ झाडाला टेकवली, दोराची गाठ चाचपली, माधूचा दोर मनगटाला गुंडाळला. आता पोटातून वर चढेल. आता धुकं दाट होईल. एवढं भय वाटत असताना आतून एक लहान पोर म्हणत होती, ये, एकदाच ये. ती मागं ऐकत राहिली.

मागून कुणी बोललं नाही. वास तसाच होता.

"मम्मे," माधू नाक वर करून म्हणाली, "कसला वास येतोय गं?"

रंजना तिच्याकडं बघतच राहिली. "तुला येतो?"

"मग? त्या फुलांचा हाय." माधूनं कड्याच्या उलट्या बाजूला, वाडीकडं उतरणाऱ्या वाटेकडं बोट केलं. धुकं जरासं फाटलं होतं. खालचा सगळा उतार निळा-जांभळा झाला होता. कारवीचं साल आलं होतं, आणि रोज तिथून धुक्यातूनच जाऊन-येऊन, फोन कानाला लावलेल्या रंजनाच्या ते ध्यानातच आलं नव्हतं.

तिचे डोळे भरले. कुठल्या दुःखानं आणि कुठल्या आनंदानं, ते तिला निवडता आलं नाही. तिनं फोन उचलला, बटण दाबलं आणि म्हणाली, "घेतली."

बोट अजून उचललं नव्हतं तेवढ्यात माधूनं आपल्या कमरेच्या दोराची कडी सोडवली, वाडीच्या वाटेवर दोन पावलं उतरली, कारवी दोन्ही हातांनी बाजूला सारली आणि मान वळवून म्हणाली, "मम्मे, माझ्या मागं मागं ये. घाबरू नगंस."

ते सगळं गटात गेलं. थोड्याच वेळात शिरगावची घंटा वाजली आणि कोंडाजी म्हणाले, "घेतली. रंजनाताई, तुमच्या मागं कोन बोलतंय?"

ते तिनं ऐकलं नाही. फोन पदरात होता, आणि ती दोराची गाठ सोडून लेकीच्या मागं कारवीतून चालत होती.